भेसळीचा माग

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या हद्दीत, समुद्राला खेटून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत आहे. लोक तिला टीआयएफआर म्हणतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काही ग्रॅम वजनाच्या एका धातूच्या गोळीची मोजमापे चालू होती. गोळी इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांची होती, आणि तिच्याकडून कुणाची फार मोठी अपेक्षा नव्हती. दुर्मिळ मृदा धातू निकेल आणि बोरॉन यांच्या संगतीत कसे चुंबकत्व दाखवतात, हा त्या गटाचा अभ्यासविषय. इट्रियमच्या अणूला स्वतःचे चुंबकत्व नसते. त्यामुळे अशा अभ्यासात इट्रियमचे संयुग तुलनेपुरते घ्यायचे, चुंबकीय भावंडांच्या आकड्यांतून त्याचे आकडे वजा करायचे आणि पुढे जायचे, असा रिवाज.

गोळी थंड होत गेली, आणि १२ केल्विनच्या सुमारास, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सियसला, तिच्या चुंबकीय प्रतिसादाचा आलेख खाली वळला. पदार्थ बाहेरचे चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगातून हुसकावून लावू लागला की असे होते, आणि ही अतिसंवाहकतेची ठळक खूण आहे. अतिसंवाहक म्हणजे ज्याच्यातून वीज काहीही रोध न होता वाहते असा पदार्थ.

पण आलेख जेमतेम वळला होता. सगळी गोळी अतिसंवाहक झाली असती तर तो धाडकन कोसळला असता. संकेताचा आकार सांगत होता की गोळीचा अगदी थोडा अंश हे करतो आहे आणि बाकीचा सगळा ऐवज थंडपणे बसून आहे. म्हणजे ज्याचा अभ्यास चालला होता ते संयुग अतिसंवाहक नव्हतेच. त्याच्यात मिसळलेले दुसरे काहीतरी अतिसंवाहक होते.

म्हणजे भेसळ.

इथे बहुतेक वह्या मिटतात. किरकोळ संकेत प्रयोगशाळेत नेहमीचेच असतात, आणि खोदत गेले तर तळाशी एखादा जुना ओळखीचा धातू निघतो. शिसे ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते, कथिल ३.७ला, नायोबियम ९.२ला. त्यांचा कण कुठूनतरी शिरला असेल म्हणून संकेत निकालात काढता येतो. पण १२ या आकड्याला यांतला कुणीच धनी नव्हता. तेव्हा प्रश्न उरला तो असा: भेसळ आहे हे मान्य, पण कशाची?

चुंबकाशी वैर

या प्रश्नाला धार का होती हे कळायला जरा मागे जावे लागेल.

१९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युत्‌रोध ४.२ केल्विनला एकाएकी नाहीसा झाला. असे का होते, हे समजायला पुढची ४६ वर्षे गेली. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवले की अतिथंड धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. जोडीतल्या दोघांची चुंबकीय दिशा परस्परांच्या उलट असते, आणि अशा जोड्या मिळून अडथळ्याशिवाय वाहतात. आता त्या धातूत एखादा चुंबकीय अणू आणून ठेवला तर तो दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहतो, आणि जोडी तुटते. नेहमीच्या अतिसंवाहकात शेकडा एकाच्या आसपास लोखंड मिसळले तरी बहुधा खेळ आटोपतो.

म्हणून नव्या अतिसंवाहकांच्या शोधात निघालेल्यांना बर्न्ड माथियास या नामांकित शोधकाने काही आडाखे घालून दिले होते. ऑक्सिजनपासून दूर राहा, विद्युत्‌रोधकांपासून दूर राहा, चुंबकत्वापासून दूर राहा. सैद्धांतिक पंडितांपासूनही दूर राहा, हा त्यांतला खोचक शेवटचा. पहिले दोन आडाखे १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांनी मोडीत काढले. बेडनोर्झ आणि म्युलर यांनी ती वाट उघडली आणि पुढच्याच वर्षी ९३ केल्विनला अतिसंवाहक होणारे संयुग हाती आले. महागड्या द्रव हीलियमऐवजी ७७ केल्विनला उकळणाऱ्या स्वस्त द्रव नायट्रोजनात चालणारा पहिला अतिसंवाहक तो. चुंबकत्वाचा आडाखा मात्र बराचसा टिकून होता. एर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांच्या संयुगाने १९७७ मध्ये तर त्याची साक्षच दिली होती. ते ८.७ केल्विनला अतिसंवाहक होई, आणि आणखी थंड केल्यावर ०.९ केल्विनच्या आसपास एर्बियमचे चुंबकत्व जागे झाले की अतिसंवाहकता हरवून बसे.

निकेल हा तर खोलीच्या तापमानालाही चुंबकीय असलेल्या मोजक्या धातूंपैकी एक. लोखंड, कोबाल्ट, निकेल हे त्रिकूट शाळेतल्या पुस्तकातही एकत्रच येते. ज्या गोळीत निकेल भरपूर आहे तिच्यात १२ केल्विनला अतिसंवाहकता दिसणे, हे ठरलेल्या चित्रात बसणारे नव्हते.

संशयित कार्बन

टीआयएफआरच्या गटाने संकेत टाकून दिला नाही. १९९३ मध्ये त्यांनी तो आहे तसा, इट्रियम-निकेल-बोरॉन या घराण्यात १२ केल्विनला काहीतरी घडते आहे एवढ्याच दाव्यासह छापला. आणि मग माग काढायला घेतला.

असल्या गोळ्या आर्क भट्टीत बनतात. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या खोलगट तळावर धातूंचे तुकडे ठेवायचे, भोवती आर्गॉन वायू भरायचा आणि विजेची ज्योत पेटवून सगळे वितळवायचे. गोळी उलटी करून पुन्हा वितळवायची, म्हणजे मिश्रण एकजीव होते. या सगळ्यात नको असलेला पाहुणा शिरायला वाव असतो. बोरॉन बाजारातून आणला तर त्याच्यासोबत बहुधा थोडाफार कार्बन येतोच. संशय त्या कार्बनवर गेला.

संशय तपासायचा सरळ मार्ग म्हणजे कार्बन काढून टाकणे. गटाने उलटे केले. कार्बन मुद्दाम घातला, तोही मोजून, एका इट्रियममागे ०.२ या प्रमाणात. कार्बन निर्दोष असता तर संकेत होता तिथेच राहिला असता. तो वाढला, इतका की आता नमुन्याचा मोठा भाग अतिसंवाहक आहे असे ठामपणे म्हणता येऊ लागले. ज्याला मळ समजायचे तो सूत्रातला चौथा घटक निघाला. जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हा निबंध आला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर होसेन, एस. के. धर, के. व्ही. गोपालकृष्णन, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन ही त्यावरची नावे. सोबत पवईच्या आयआयटीचे बी. डी. पडालिया आणि फ्रान्सचे सी. गोदार.

त्याच जानेवारीत अमेरिकेतील बेल लॅब्समधून रॉबर्ट काव्हा आणि सहकाऱ्यांचे निबंध ‘नेचर’मध्ये झळकले. त्यांनी या चार घटकांचे नेमके प्रमाण वेगळे काढले होते: एक भाग दुर्मिळ मृदा धातू, दोन निकेल, दोन बोरॉन, एक कार्बन. ल्युटेशियम घातले की १६.६ केल्विन. निकेलच्या जागी पॅलेडियम घेतलेल्या इट्रियमच्या मिश्रणात तर २३ केल्विन. धातूंच्या संयुगांत १९७३ पासून अढळ राहिलेल्या नायोबियम-जर्मेनियमच्या २३.२ केल्विनच्या विक्रमाशी ही बरोबरी होती. शुद्ध सूत्राचा मान बेल लॅब्सकडे गेला, पण निकेलच्या या घराण्यात काहीतरी आहे ही पहिली वर्दी कुलाब्याहून गेली होती.

या संयुगांनी, म्हणजे बोरोकार्बाइडांनी, पुढची काही वर्षे चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांच्या वैराचा हिशोब नव्याने मांडायला लावला. त्यांच्यातले निकेल चुंबकीय नव्हतेच. बोरॉनसोबत बंध जुळवताना त्याने आपले चुंबकत्व सोडून दिले होते. पण इट्रियमच्या जागी एर्बियम घातले, तर सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहकता येई आणि ६ केल्विनला एर्बियमचे चुंबकत्वही जागे होई, तरी दोन्ही एकाच घरात नांदत. डिस्प्रोशियम घातले तर आधी चुंबकत्व येई आणि त्याच्या अमलाखाली ६ केल्विनला अतिसंवाहकता. वैर होते, पण सहवास अशक्य नव्हता.

या संयुगांचा सांगाडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. थोरियम, क्रोमियम आणि सिलिकॉन यांच्या एका जुन्या संयुगात अणू ज्या थरांनी रचलेले असतात, तीच रचना इथे होती. फक्त मधल्या मोकळ्या जागी कार्बन येऊन बसला होता. हाच सांगाडा १४ वर्षांनी पुन्हा समोर आला, आणि या वेळी त्याच्या थरांत निकेल नव्हते.

लोखंडाची पाळी

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हिदेओ होसोनो अतिसंवाहकांच्या मागे नव्हतेच. पारदर्शक अर्धसंवाहक हा त्यांचा विषय. लँथॅनम, तांबे, ऑक्सिजन आणि गंधक यांची थराथरांची संयुगे त्यांच्या गटाने हाताळली होती. तांब्याच्या जागी लोखंडासारखा चुंबकीय धातू आणि गंधकाच्या जागी फॉस्फरस घातला तर चुंबकीय अर्धसंवाहक मिळेल का, हे पाहताना २००६ मध्ये लँथॅनम-लोह-फॉस्फरस-ऑक्सिजन हे संयुग ४ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक झालेले दिसले. लोखंड असलेला अतिसंवाहक! तरी आकडा इतका खालचा की जगाने फारशी दखल घेतली नाही.

होसोनोंच्या गटाने तो धागा सोडला नाही. फॉस्फरसच्या जागी त्याच गणातले आर्सेनिक घेतले. नुसते घेऊन भागले नाही, कारण ते शुद्ध संयुग थंड केल्यावर चुंबकीय होई आणि तिथेच थांबे. मग काही ऑक्सिजन काढून त्या जागी फ्लोरिन घातले. फ्लोरिन एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देते, त्याने चुंबकत्वाची शिस्त मोडते, आणि ती मोडली की २६ केल्विनला अतिसंवाहकता येते. फेब्रुवारी २००८ मध्ये योइची कामिहारा, होसोनो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि जगभरच्या भट्ट्या एकदम पेटल्या. दाब दिल्यावर हाच आकडा ४३वर गेला. चीनमध्ये लँथॅनमऐवजी सॅमॅरियम, सेरियम, प्रॅसिओडिमियम घालून पाहण्याची शर्यत लागली आणि काही आठवड्यांत झाओ झोंगशियान यांच्या गटाने ५५ केल्विनपर्यंत मजल मारली. म्युनिकमध्ये डिर्क योहरेंट यांच्या गटाने ऑक्सिजन पूर्ण वगळला. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक १:२:२ या प्रमाणात घेऊन आणि बेरियमचा काही भाग पोटॅशियमने बदलून त्यांनी ३८ केल्विन गाठले. तैवानमध्ये तर नुसत्या लोह-सेलेनियममध्ये ८ केल्विनला अतिसंवाहकता सापडली. हे सगळे एका वर्षाच्या आत.

म्युनिकच्या त्या १:२:२ संयुगाचा सांगाडा तोच, थोरियम-क्रोमियम-सिलिकॉनचा. बोरोकार्बाइडांवर हात बसलेल्यांना ही इमारत परकी नव्हती.

कथिलाच्या रसातले स्फटिक

आतापर्यंतचे बहुतेक नमुने भुकटी भाजून बनवलेले होते. त्यात कोट्यवधी बारीक कण हव्या त्या दिशांना तोंड करून पडलेले असतात. अशा नमुन्यावरून अतिसंवाहकता आहे की नाही ते कळते, पण वीज थरांच्या कडेने वाहते की आरपार, चुंबकीय दिशा कुठे रोखलेली असते, रचना कोणत्या बाजूला झुकते, हे कळत नाही. सगळ्या दिशांची सरासरी होऊन जाते. त्यासाठी एकसंध स्फटिक हवा, ज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अणूंची रांग एकच आहे.

अमेरिकेतील एम्स येथे पॉल कॅनफिल्ड यांचा गट यात वाकबगार. याच गटाने १९९४ मध्ये बोरोकार्बाइडांचे स्फटिक निकेल-बोराइडच्या रसातून वाढवले होते. २००८ मध्ये त्यांनी कॅल्शियम-लोह-आर्सेनिकचे स्फटिक वाढवले. आणि टीआयएफआरमध्ये ए. तमिळवेल, एस. के. धर, नीरज कुमार आणि सहकाऱ्यांनी तेच संयुग हाती घेतले. धर तेच, ज्यांचे नाव १९९४च्या निबंधावर होते.

पद्धत अशी की संयुग थेट वितळवायचे नाही. पाकात साखर विरघळवून तो सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे खडे धरतात, तसे इथे वितळलेले कथिल पाकाचे काम करते. कॅल्शियम, लोखंड, आर्सेनिक आणि त्यांच्या कितीतरी पट कथिल मुशीत भरायचे, मूस क्वार्ट्झच्या नळीत ठेवून नळीचे तोंड वितळवून बंद करायचे. कॅल्शियम हवेत टिकत नाही, म्हणून भरण्याचे काम हवाबंद पेटीत. आर्सेनिकचा स्वभाव त्याहून अवघड. ते विषारी तर आहेच, शिवाय साध्या दाबाखाली ६१५ अंशांच्या आसपास न वितळताच त्याची वाफ होते. भट्टी घाईने तापवली तर बंद नळीत वाफेचा दाब चढतो आणि नळी फुटते. म्हणून टप्प्याटप्प्याने चढायचे, हजार अंशांच्या वर काही वेळ थांबायचे, आणि मग ताशी काही अंश अशा गतीने उतरायचे. उतरताना रसात विरघळलेले घटक जागा शोधत थरावर थर रचतात. कथिल २३२ अंशांपर्यंत पातळच राहते, त्यामुळे ते गरम असतानाच नळी गरगर फिरवून निथळून काढता येते. मुशीत उरतात ते आरशासारख्या चकचकीत, पातळ, चपट्या स्फटिकांचे पदर.

टीआयएफआरच्या स्फटिकांनी काय सांगितले? शुद्ध स्फटिकात १७० केल्विनला दोन गोष्टी एकदम घडतात. चौरस पायाची रचना किंचित तिरकी होते, आणि लोखंडाच्या अणूंचे चुंबकत्व शिस्तीत उभे राहते, एक रांग इकडे तर दुसरी तिकडे तोंड करून. अशा स्फटिकात अतिसंवाहकता नाही. मग त्यांनी लोखंडाचा अगदी थोडा भाग, सूत्रातल्या दोन अणूंपैकी ०.०६ इतका, कोबाल्टने बदलला. चुंबकीय शिस्त दबली आणि १७ केल्विनच्या सुमारास अतिसंवाहकता आली. २००९च्या सुरुवातीला ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये हे छापून आले. बेरियमच्या संयुगातही अमेरिकेत असेच दिसले होते.

यात नवलाची गोष्ट अशी की कोबाल्ट आसपासच्या थरांत नव्हे, थेट लोखंडाच्याच थरात शिरते, जिथून वीज वाहते. तांब्याच्या ऑक्साइडांत तांब्याच्या जागी परका अणू घुसवला की अतिसंवाहकतेचे नुकसान होते. इथे कोबाल्टासारखा चुंबकीय त्रिकुटातला गडी ऐन रस्त्यात आणून बसवला आणि त्यानेच रस्ता मोकळा केला. माथियासचा आडाखा इतका सपशेल कधी आपटला नव्हता.

पाक अंगाला लागतो

पण स्फटिक वाढवणाऱ्याला आनंदात फार वेळ राहता येत नाही. त्याच्या मागे तोच जुना प्रश्न असतो.

कथिल स्वतःच अतिसंवाहक आहे, ३.७ केल्विनला. स्फटिकाच्या पदरांत कथिलाचा थेंब अडकून राहिला तर आलेख तिथे वळतो आणि अननुभवी माणूस नवा शोध लागला म्हणून उड्या मारतो. ही चोरी निदान पकडायला सोपी, कारण आकडा ओळखीचा. बेरियमच्या संयुगात ती अधिक खोल गेली. कथिलात वाढवलेल्या बेरियम-लोह-आर्सेनिकच्या स्फटिकांत रचना बदलण्याचे तापमान ८५ केल्विनच्या आसपास मिळत होते, तर भुकटीच्या नमुन्यांत १४०च्या. दोघांत खरे कोण? उलगडा असा झाला की शेकडा एकाच्या आसपास कथिल थेट स्फटिकाच्या जाळीत जाऊन बसत होते. पाक खड्याचाच भाग झाला होता. लोह-आर्सेनिकच्याच रसात, म्हणजे परका धातू न वापरता, स्फटिक वाढवले तेव्हा आकडा वर आला.

कॅल्शियमच्या संयुगाने त्याहून मोठी फसगत केली. २००८ मध्ये शुद्ध स्फटिकाला दाब दिला तेव्हा १२ केल्विनच्या सुमारास अतिसंवाहकता दिसली, आणि तिची बरीच चर्चा झाली. दाबाने हा स्फटिक जाडीच्या दिशेने जवळजवळ दहा टक्के आक्रसतो, हेही कळले. मात्र दाब देण्यासाठी जो द्रव वापरला जाई तो अशा थंडीत गोठतो. गोठलेला द्रव सगळीकडून सारखा दाबत नाही. शेवटच्या टोकापर्यंत सारखा दाब देणारे हीलियम वापरून २००९ मध्ये मोजले, तेव्हा अतिसंवाहकता गायब! म्हणजे या वेळी भेसळ पदार्थात नसून दाबात होती.

यावर कडी झाली २०११ मध्ये. कॅनफिल्डच्या गटाने लोह-आर्सेनिकच्या रसात वाढवलेले कॅल्शियमचे स्फटिक ९६० अंशांवरून झटकन थंड केले, तर ते बाहेरचा दाब नसतानाही आक्रसलेली रचना धरत. तेच स्फटिक नंतर मध्यम तापमानाला भाजून ठेवले की वागणूक बदलत जाई. मूलद्रव्ये तीच, प्रमाण तेच, तरी चुंबकीय बदलाचे तापमान ७० केल्विनहून अधिक पट्ट्यात इकडेतिकडे सरकवता येई. स्फटिकाच्या पोटात लोह-आर्सेनिकचे अतिसूक्ष्म कण किती आणि कसे विखुरले आहेत, यावर आतला ताण ठरत होता. तेव्हापासून या संयुगाचा कुठलाही आकडा वाचताना स्फटिक कोणत्या रसात वाढला, कुठून किती वेगाने थंड झाला, हे विचारल्याशिवाय जाणकार पुढे जात नाहीत.

इलेक्ट्रॉनांना लोखंडाच्या या संयुगांत जोड्या जमवायला कोण लावते, यावर आजही पूर्ण एकमत नाही. २००८ मध्येच इगोर माझिन आणि सहकाऱ्यांनी मांडले की ही जोडणी चुंबकीय हेलकाव्यांतून होत असावी. चुंबकत्वाची शिस्त मोडते, पण तिची चुळबुळ उरते आणि तीच इलेक्ट्रॉनांना जवळ आणते. बहुतेकांचा कल आज या बाजूला आहे. ज्याला शत्रू समजून दूर ठेवायचे तोच मध्यस्थ असेल, तर माथियासचा तिसरा आडाखा उलटा करून वाचावा लागेल.

जिथे भेसळ चालणार नाही

याच कुलाब्याच्या इमारतीत एक प्रयोग नेमका दुसऱ्या टोकाचा झाला. विषय बिस्मथ, नेहमीच्या दाबाखाली शुद्ध स्वरूपात अतिसंवाहक होतो की नाही याचा अनेक दशके निकाल न लागलेला धातू. त्याच्यात वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन इतके विरळ, की एक लाख अणूंमागे साधारण एक. एवढ्यांनी जोड्या जमवायच्या तरी कशा? झालीच अतिसंवाहकता तर ती भयंकर थंडीतच होणार होती, आणि चुंबकीय भेसळीचा अंश किंवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची किंचित गळतीही तिला पुरून उरणार होती.

एस. रामकृष्णन यांच्या गटाने तांब्याच्या अणुकेंद्रकांचे चुंबकत्व वापरून केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली उतरणारे शीतयंत्र उभे केले होते. तमिळवेल यांनी अतिशुद्ध बिस्मथचे स्फटिक वाढवले. ओम प्रकाश आणि अनिल कुमार यांच्यासह त्यांनी मोजले तेव्हा संकेत आला ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या हजारांशापेक्षा किंचित अधिक. ५.२ मायक्रोटेस्ला एवढे क्षेत्र ती अतिसंवाहकता मोडायला पुरे होते. पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या काही पट आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ने हा निबंध प्रसिद्ध केला. १९५७चा सिद्धांत नेहमीच्या रूपात इथे लागू पडत नाही, कारण इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि स्फटिकाच्या कंपनांची ऊर्जा यांत तो धरतो तेवढे अंतरच बिस्मथमध्ये नाही.

बोरोकार्बाइडात भेसळीने दार उघडले. लोखंडाच्या स्फटिकांत तिने कधी दार उघडले, कधी चकवले. बिस्मथमध्ये तिला उंबऱ्याबाहेर ठेवल्याशिवाय काही दिसलेच नसते. तिन्ही ठिकाणी वाढवणाऱ्याचे आणि मोजणाऱ्याचे खरे काम एकच होते: आलेखावरच्या प्रत्येक वळणाला नाव-गाव विचारणे.

हे काम आता हिंगोली जिल्ह्यातही येऊ घातले आहे, वेगळ्या रूपात. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांवरच्या आरशांची प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी हालचाल टिपायची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने पकडलेली पहिली लहर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी होती. ती जाहीर व्हायला मात्र ११ फेब्रुवारी २०१६ उजाडला, कारण मधले महिने ती भूकंपाची नाही, यंत्राची नाही, चाचणीसाठी कुणी मुद्दाम घातलेली नाही, हे तपासण्यात गेले.

वेधशाळा म्हटली की जिल्ह्यातली मुले आकाशाचा विचार करतील. तिथे नोकरीला लागणाऱ्याचे बरेचसे दिवस जातील ते जमिनीवरच्या गोष्टींची यादी करण्यात: वारा, रस्त्यावरची वाहने, पंप, दूरवरचा समुद्र. यांतले प्रत्येक आरशाला हलवते, आणि प्रत्येकाचा हिशोब लागल्यावर जे उरेल तेच ताऱ्यांकडून आलेले. ही यादी कंटाळवाणी वाटली तर कार्बनचा तो ०.२ वाटा आठवावा. मळ म्हणून ज्यावर काट मारायची, त्याचे आधी नाव लिहावे लागते, आणि कधीकधी नाव लिहितानाच कळते की काट चुकीच्या ओळीवर पडत होती.